अकरा मशिनं

फेब्रुवारीत एका सकाळी सव्वासातला शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. संकलनाच्या वेळी सचिव कधी फोन करत नाहीत, बाहेर किटल्या घेऊन रांग उभी असते. "मॅडम, म्हशीला फॅट सहा-आठ लागलीय. मशिनीवर पण सहा-आठच दिसतंय. पावतीत तेवढं सहा-तीन येतंय. माणसं ऐकनात हितं." मी पावतीचा फोटो मागवला.

फोटो मोठा करून पाहिला. पावतीवर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ गेली होती, केसापेक्षा जराशी जाड. संस्थेच्या नावातून, तारखेतून, सभासद नंबरातून, लिटरच्या आकड्यातून. बाकीच्या ओळींत ती डोळ्यांत भरत नव्हती. फॅटच्या ओळीत मात्र ती नेमकी दशांशानंतरच्या आकड्याच्या डाव्या कडेवरून गेली होती. पावतीवरचे आकडे इंग्रजी असतात. इंग्रजी आठाची डावी कड पुसली की तीन उरतो.

मशिनीतला हिशेब बरोबर होता, बिलातही काही फरक पडणार नव्हता. पण सभासदाच्या हातात पडते ती पावती. दहा दिवसांनी बिल येईपर्यंत त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो. त्या सकाळी एका म्हाताऱ्या बाबांनी दूध न घालता किटली परत नेली, असं सचिवांनी मला नंतर सांगितलं. ती रेघ आमच्या कोडनं पाडली होती, आणि तो कोड मी तपासून पाठवला होता.

आमची लहानशी कंपनी भोसरीत आहे. दूध संकलनाची मशिनं बनवतो. वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनलायझर सिरियल पोर्टवरून जोडायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून दर काढायचा, पावती छापायची आणि संकलन संपलं की हिशेब मोडेमवरून पाठवायचा. पहिलं मॉडेल २०१० साली निघालं तेव्हा मला नोकरीला लागून एक वर्ष झालं होतं. त्यात सॅमसंगची एस३सी२४४० ही ४०० मेगाहर्ट्झची चिप होती. त्या काळी मिनी२४४० नावाचा चिनी बोर्ड एम्बेडेड शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात असायचा. दहा सेंटिमीटर चौरस, ६४ एमबी रॅम, आणि नॉर की नँड, यातल्या कुठल्या फ्लॅश मेमरीतून बूट व्हायचं ते ठरवणारं एक बारकं सरकतं बटण. मीही त्याच्यावरच शिकले. जे हाताखालून गेलेलं होतं तेच आमच्या मशिनीत गेलं.

मशिनीत लिनक्स चालतं. त्याचा गाभा म्हणजे कर्नल, तो तेव्हा २.६.३२ होता. २०१६ मध्ये आम्ही ४.४ वर आलो. सॅमसंगच्या चिपचा आधार, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, कर्नलमध्येच होता, त्यामुळे आमच्याकडे स्वतःचं असं दोनच गोष्टींचं ओझं होतं. एक आमच्या बोर्डाची बोर्ड फाइल, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणारा कोड, आणि दुसरा थर्मल प्रिंटर चालवणारा कोड, म्हणजे त्याचा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर मी लिहिला.

दोन इंची थर्मल हेडवर एका ओळीत ३८४ बारीक हीटर असतात, मिलिमीटरला आठ. कोणते तापवायचे त्याचे बिट एसपीआय या सिरियल जोडणीवरून हेडमध्ये सरकवायचे, तिथे धरून ठेवायचे (लॅच करायचे), आणि मग स्ट्रोबची, म्हणजे हीटर तापवणारी, पिन मिलिसेकंदाच्या आसपास चालू करून लगेच बंद करायची. तेवढ्या वेळात कागद काळा होतो. मग मोटर एक पाऊल पुढे. स्ट्रोब वेळेत बंद झाली नाही तर हीटर तापत राहतात, आणि एकदा जळालेला हीटर परत येत नाही. त्या जागी कागदावर पांढरी रेघ उरते. त्यामुळे या ड्रायव्हरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, की स्ट्रोब 'चालू' म्हणजे पिनवर शून्य की एक.

आता मधल्या काळात बाहेर काय झालं ते सांगते. एप्रिल २०२३ मध्ये लिनक्स ६.३ आला आणि त्यातून एस३सी२४ मालिकेतल्या चिपांचा आधार पूर्ण काढून टाकलेला होता. त्याच वेळी एआरएम जातीच्या प्रोसेसरांच्या ढीगभर जुन्या बोर्ड फाइलीही गेल्या. हे अचानक झालं नव्हतं. हा भाग आता कालबाह्य आहे, २०२२ नंतर जाईल, अशी खूण आधीच करून ठेवली होती. कर्नलमधला एआरएमचा भाग सांभाळणाऱ्यांपैकी एक, अर्न्ड बर्गमन यांनी २०२२ मध्ये जुन्या एआरएम बोर्डांची यादी मांडून विचारलं होतं की यातलं अजून कोण काय वापरतंय. ज्यांनी हात वर केला त्यांचे बोर्ड राहिले. नोकिया ७७० हा २००५ सालचा टॅब्लेट राहिला. अ‍ॅमस्ट्रॅडचं ई-मेल पाठवणारं घरगुती टेलिफोनयंत्र राहिलं, २००४ सालचं, ब्रिटनमध्ये विकलं गेलेलं. त्याची बोर्ड फाइल आजही कर्नलमध्ये आहे, कारण ते यंत्र टेबलावर ठेवून नवा कर्नल त्यात घालून बघणारं कुणीतरी आहे.

आमच्या चिपचा आधार गेला. ज्या दिवशी ही विचारणा चालू होती त्या दिवशी कोल्हापूर-सांगलीकडे आमची सदतीस मशिनं नोंदवहीत होती, आणि मी एक ओळही लिहिली नाही. मला ठाऊक होतं की विचारणा चालू आहे. वाटलं, एवढी वापरली गेलेली चिप, दुसरं कुणीतरी बोलेलच. असं वाटणारे माझ्यासारखे किती असतील याचा मी नंतर खूप विचार केला. आम्ही सगळे ४.४ वर किंवा त्याहून जुन्यावर बसलो होतो, नवा कर्नल लावून बघत नव्हतो, तक्रार करत नव्हतो, दुरुस्तीही पाठवत नव्हतो. बाहेरून बघणाऱ्याला असा वापर आणि शून्य वापर यात काय फरक दिसणार?

पूर्वी मला असं काढून टाकणं उद्धटपणाचं वाटायचं. चालतंय ना, मग राहू द्या की, काय खातंय ते? मग गेल्या वर्षी मी स्वतः ते पुन्हा जोडायला बसले आणि काय खातं ते कळलं.

आमचं नवं मॉडेल एनएक्सपीच्या आय.एमएक्स६यूएलएलवर आहे, कर्नल ६.१२. साहेबांचं म्हणणं होतं की जुन्या मशिनींनाही तेच सॉफ्टवेअर घाला म्हणजे कोडची दोन झाडं, दोन वेगळ्या प्रती, सांभाळायला नकोत. म्हणून मी ६.३ मध्ये काढलेला कोड परत आणून ६.१२ वर बसवायला घेतला. तीन आठवडे गेले. लिनक्सच्या आत ड्रायव्हरांसाठी कायमस्वरूपी ठरलेली रचना नसते, ती बदलत राहते. जो बदल करतो त्यानं सगळ्या ड्रायव्हरांत तो करायचा, असा रिवाज आहे. २०१७ मध्ये टायमर सुरू करण्याची पद्धत बदलली, तेव्हा शेकडो फायली हाताळाव्या लागल्या. २०२२-२३ मध्ये आय-टू-सी ड्रायव्हरांच्या प्रोब फंक्शनमधला एक पॅरामीटर काढला, तेव्हाही तेच. म्हणजे माझा न वापरला जाणारा ड्रायव्हर तिथे नुसता पडून नव्हता. जर्मनीतला, जपानमधला कुणी माणूस, ज्यानं ती चिप कधी पाहिलेली नाही, तो दरवेळी त्या फायलीपाशी थांबून ती दुरुस्त करत होता. आणि ती दुरुस्ती बरोबर झाली का हे सांगणारी मी गप्प होते.

तीन आठवड्यांनी सिरियल कन्सोलवर बूटच्या ओळी दिसल्या तेव्हा मी आणि आमचा नवा सहकारी दोघंही उठून उभे राहिलो. त्यानं तोवर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या पद्धतीत आणला होता. जुन्या कोडमध्ये पिनचा नंबर देऊन त्यावर थेट शून्य किंवा एक लिहायचो. नव्या पद्धतीत ड्रायव्हर फक्त 'चालू' किंवा 'बंद' म्हणतो, आणि चालू म्हणजे शून्य की एक हे बोर्डाच्या वर्णनात, डिव्हाइस ट्रीत किंवा बोर्ड फाइलच्या तक्त्यात, लिहिलेलं असतं. पद्धत चांगलीच आहे. त्यानं नव्या बोर्डाचं वर्णन लिहिलं, नव्या बोर्डावर शंभर पावत्या छापल्या, सगळं नीट आलं. तेच वर्णन जुन्या बोर्डासाठी उतरवलं. कंपाइल झालं, एकही वॉर्निंग नाही.

जुन्या बोर्डावर स्ट्रोबच्या वाटेत एक ट्रान्झिस्टर आहे. २०१० मध्ये आमच्याकडे आलेल्या हेडच्या पहिल्या खेपेला प्रोसेसरच्या पिनचा व्होल्टेज पुरत नव्हता, म्हणून तो घातला. ट्रान्झिस्टरनं सिग्नल उलटा होतो. जुन्या कोडमध्ये म्हणूनच मी शून्य लिहून हेड चालू करत होते, आणि का ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. कारण माझ्या डोक्यात होतं, आणि सोळा वर्षांत माझ्याही डोक्यातून ते गेलं होतं.

झालं असं की स्ट्रोब उलटी झाली. जिथे मिलिसेकंदभर तापायचं तिथे हेड तेवढाच वेळ गार राहायचं आणि मोटरचं पाऊल पडेपर्यंतचा उरलेला सगळा वेळ तापायचं. हेडची वीज फक्त छपाईपुरती चालू असते म्हणून ते जागच्या जागी जळलं नाही. मी जुन्या बोर्डावर दहा पावत्या काढल्या. छापा नेहमीपेक्षा गडद आला. मला ते बरं वाटलं, जुन्या मशिनींची पावती फिकी येते अशी तक्रार असायचीच. हेडवर तापमान मोजायला थर्मिस्टर असतो. त्याचा आकडा बघितला असता तर तिथेच कळलं असतं. मी बघितला नाही. शिरोळच्या संस्थेत ते सॉफ्टवेअर चाचणीसाठी गेलं, सकाळ-संध्याकाळ मिळून रोज दोनशेच्या वर पावत्या, आणि पाचव्या दिवशी आठाचा तीन झाला.

फोन आला त्याच दिवशी मी दुपारच्या गाडीनं निघाले. हेड बदललं, जुनं ४.४ चं सॉफ्टवेअर परत घातलं, संध्याकाळच्या संकलनाला बाजूला उभी राहिले. सकाळचे ते बाबा आले होते. सचिवांनी त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या मॅडमनीच बनिवलंय मशीन." त्यांनी पावती लांब धरून वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि काही न बोलता गेले. मला त्यांची माफी मागायची होती. रांग पुढे सरकली आणि ते राहिलं.

परत आल्यावर मी नोंदवही उघडली. सदतीस मशिनं, असं आम्ही किती वर्षं म्हणत होतो. खरंच किती चालू आहेत हे कुणी विचारलंच नव्हतं. सचिवांना दुपारी बारा ते चार थोडी सवड असते. चार दिवस रोज त्या वेळेत बसून सदतीस फोन केले. सहा मशिनं २०१९ च्या पुरात गेली होती. बऱ्याच ठिकाणी संघानं दुसरं मशीन दिल्यावर आमचं काढून ठेवलं होतं. दोन संस्था बंद पडल्या होत्या. वाळव्याकडच्या एका संस्थेनं "आहे की, स्पेअर म्हणून ठेवलंय" असं सांगितलं. शेवटचं कधी चालू केलं होतं विचारलं तर म्हणाले, लॉकडाउनच्या आधी. कपाटातलं मशीन मी मोजलं नाही. रोज वीज लागते आणि रोज ज्याच्यातून पावती निघते तेवढीच मोजली. अकरा भरली.

आमच्या सहकाऱ्याला ही अकराही नव्या कर्नलवर ठेवायची होती. चूक त्याच्या हातून झाली असं त्यानं मनाला लावून घेतलं होतं, आणि ड्रायव्हर नीट करून दाखवायचा होता. तो तरुण आहे, हुशार आहे, आणि ट्रान्झिस्टरची खूण वर्णनात घातली की प्रश्न सुटतो हेही खरं. पण मग पुढच्या कर्नलला कोण बघणार? त्याच्या पुढच्याला? माझ्याकडे जुने बोर्ड दोन, त्यातल्या एकाचे कपॅसिटर फुगलेले. मूळ कर्नलनं सोडलेली चिप आम्ही दोघं आमच्या अंगावर घेणार, म्हणजे जे काम आधी जगभरातली माणसं आमच्यासाठी फुकट करत होती ते दरवेळी आम्ही करणार, अकरा मशिनींसाठी. आणि एकदा जरी तपासायचं राहिलं तर पुन्हा कुणाच्या तरी किटलीशी जाऊन ते थांबणार.

लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर झाला, आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच ३८६ चा आधार कर्नलमधून काढला गेला. २०१८ मध्ये ४.१७ मधून आठ अख्खी आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरांची घराणी, गेली, ब्लॅकफिनसुद्धा, जवळपास पाच लाख ओळी. एच८/३०० या आणखी एका आर्किटेक्चरची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ते २०१३ मध्ये काढलं, सांभाळणारा माणूस मिळाला म्हणून २०१५ मध्ये ४.२ मध्ये परत आलं, आणि पुन्हा वापर दिसेना तेव्हा २०२२ मध्ये परत गेलं. काढलेलं परत येऊ शकतं, कोडचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधून काही नाहीसं होत नाही. फ्लॉपीचंही तसंच. २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फ्लॉपीचा ड्रायव्हर बेवारस म्हणून नोंदवला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालणारी फ्लॉपीच उरली नव्हती. पुढे दुसऱ्या माणसानं तो अंगावर घेतला आणि ड्रायव्हर राहिला.

पडून राहू दे म्हणणाऱ्यांना मी विंडोजचं अलीकडचं उदाहरण देते. अगेर कंपनीच्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर विंडोजसोबत वर्षानुवर्षं येत होता. त्यात असा दोष निघाला की मोडेम लावलेलं नसलं तरी त्याचा गैरफायदा घेता येत होता, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं तो ड्रायव्हरच काढून टाकला. ज्यांच्याकडे ते मोडेम खरंच चालू होतं त्यांचं त्या दिवशी बंद पडलं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण ज्यांनी ते मोडेम जन्मात पाहिलं नाही त्या सगळ्यांच्या दारालाही ती फट होतीच.

म्हणून ठरवलं. जुन्या चिपचा आधार ६.१२ च्या झाडातून मी काढला. अकराही ठिकाणी आतला बोर्ड बदलून नवा घालायचा, डबा, कीपॅड, प्रिंटर तेच ठेवायचं. खर्च निम्मा आम्ही सोसतोय. साहेबांना ते पटवायला दोन बैठका लागल्या. त्यांना जळालेलं हेड टेबलावर ठेवून ती पावती दाखवली, तेव्हा ते फार बोलले नाहीत.

प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र राहिला. तो जुना आहे, आमच्याशिवाय कुणी वापरत नाही, तरी त्याच्याबद्दल मला शंका आली नाही. नव्या मशिनींत तेच हेड जातं, रोज पावत्या निघतात, आणि बोर्ड आमच्या दोघांच्याही टेबलावर आहे. आता त्यात प्रत्येक बोर्डाच्या नोंदीपाशी स्ट्रोबच्या वाटेत काय आहे ते मराठीत लिहिलं आहे, ट्रान्झिस्टरच्या नंबरासकट. थर्मिस्टरचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की छपाई थांबते. कुठलंही नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायच्या आधी दोनशे पावत्या छापायच्या आणि शेवटची पावती सहकाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवायची, असं आम्ही ठरवलंय. सहा-आठ, सात-आठ, आठ-आठ अशा फॅट मुद्दाम घालतो.

बदली होईपर्यंतची मशिनं ४.४ वरच आहेत. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या प्रकल्पानं ४.४ ला जानेवारी २०२७ पर्यंत दुरुस्त्या द्यायचं कबूल केलंय. आमची चिप त्यांच्या यादीत नाही, पण नेटवर्क आणि यूएसबीच्या दुरुस्त्या मिळतात, मोडेम लावलेल्या मशिनीला त्यांचीच गरज जास्त. त्यावर आमचे दोन पॅच (कोडमधले बदल) चढवून मी कोडची एक वेगळी शाखा, ब्रँच, ठेवली आहे.

जुलैअखेर सात बोर्ड बदलून झाले. शिरोळचं पहिलं. उरलेल्या चारांपैकी पन्हाळ्याकडच्या सचिवांनी सांगितलंय, "ताई, दिवाळीचं फरकबिल वाटून होऊ द्या, मग काय करायचं ते करा. तवर मशिनीला हात लावायचा न्हाई." बरोबर आहे त्यांचं, वर्षभराच्या पावत्या त्यांना जुळवायच्या असतात. त्यामुळे ती ब्रँच नोव्हेंबरपर्यंत राहील. कपॅसिटर न फुगलेला बोर्ड माझ्या टेबलावर उजव्या हाताला आहे, दर सोमवारी सकाळी लावते, पावती काढते आणि तारीख घालून वहीला टाचते.